मानी भेटली का रडते

...आन् याच्यात रडण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा बरं! यवतमाळचं बसस्टँड, भर दुपार, माह्या एका हातात दुरुस्त करून आणलेलं मिक्सर, दुसऱ्या हातात केळांची पिशवी, कळंबची गाडी लागून राह्यली, मी चढाच्या तयारीत... आन् पुसदच्या गाडीतून उतरली मानी. तिनं मले पाह्यलं. झालं! थैली तिथीच टाकली, लोकायले ढकलत आली, माह्या गळ्यात पडली आन् सुरू! 'येऽऽ मारी बाईऽऽऽ! येऽऽ याडीऽऽऽ!' म्हणजे माही बहीण, माही माय. अख्खं स्टँड गोळा झालं! फुटाणेवाला टोपली सोडून आला! एक म्हातारे बाबा उठून उभे राह्यले, त्यायनं टोपी काढली! एक बाई पाण्याची बाटली घेऊन धावली, 'घ्या बाई, घोटभर घ्या... कोण होतं वं यायचं?' दुसरी म्हणते, 'भाऊ असन. भावाबिगर असं रडू येत नाई.' कंडक्टर खाली उतरला, 'सरका, सरका, दुखाचं घर हाय, यायले पुढची सीट द्या!' आन् मी मिक्सर छातीशी धरून उभी. काय सांगू त्यायले? का बाप्पा, कोणी मेलं नाई, हे माही मैत्रीण हाय, आन् आम्ही मागच्याच महिन्यात भेटलतो?

बरं, मानीचं कसं हाय, पाच-दहा मिनिटं झाली का नळ बंद केल्यासारखं बंद! पदरानं नाक पुसलं, माह्या पिशवीतलं एक केळ काढलं, सोललं, 'यंदा गरम लय होते नाई वं? चाय पेतं का?' अठी लोकायच्या डोळ्यात पाणी, बाबा टोपी हातात घेऊन उभे, आन् हे बाई केळ खाऊन राह्यली!

तुम्हाले सांगतो, रीत हाय ते त्यायची. बंजाऱ्यायच्या तांड्यातल्या बाया लय दिवसानं भेटल्या का गळ्यात पडून रडतात. निरं रडत नाई, चालीत रडतात, आन् रडता रडता मधल्या काळातलं सारं सांगतात. कोण आजारी होतं, कोणाची गाय व्याली, कोणाच्या पोरीचं जमलं, जाऊ काय बोलली... साऱ्या खबरा, गळ्यात पडून! चांगली रीत हाय, मी नाई म्हणत नाई. पण माय, ते तुमच्यात! मी कुणब्याची पोर. आमच्या घरी माणूस गेलं तरी मोठे लोक म्हणतात, 'चूप, चूप, शेजारी ऐकतीन.' आन् हे मले बोरी अरबच्या शाळेत भेटली, पहिलीत. तिले मराठी येत नव्हतं, मले तिची गोरबोली येत नव्हती, म्हणून गुरुजीनं आम्हाले एका पट्टीवर बसवलं, का दोघी चूप राहतीन. गुरुजी फसले! दिवाळीपावतर ती मराठीत भांडाले लागली आन् मी गोरबोलीत. सुट्ट्या सरल्या, शाळा भरली, आन् मानी फाटकातून आली ते थेट माह्या गळ्यात. गुरुजी धावत आले, 'काय झालं? साप चावला? कोणाले चावला?' कोणालेच नाई गुरुजी, सुट्टीनंतर भेटून राह्यली ते! मंग याच्यात रडण्यासारखं काय हाय, सांगा बरं?

तवा हसू आलं. लहान होतो. पण चाळीस वर्षं झाले, अजून तेच? लग्न झालं, ती पुसदकडच्या तांड्यात गेली, मी कळंबले आली, तिले नातू झाला, माहे गुडघे गेले, आन् भेटली का, 'येऽऽ मारी बाईऽऽ!' ती येणार म्हटलं का आमचे हे खिडक्या लावत फिरतात. 'अवं, येणार असन तं मोहल्ल्यात आधी सांगून ठेवत जाय न! मागच्या खेपीसारखं नको!' मागच्या खेपी काय झालं, शेजारच्या नयनताईनं आवाज ऐकला, गॅस बंद केला, डोक्यावर पदर घेतला, आली, आन् आमच्याजवळ बसून आमच्याहून जोरात रडाले लागली! रडून रडून दमली, मंग हळूच विचारते, 'कोण गेलं वं दीपा?' म्या म्हटलं, कोणीच नाई. अशी रागावली, अशी रागावली! 'मंग मले काहून रडवलं? माही भाजी तिकडं अर्धी कच्ची पडली!' म्या मानीले म्हटलं, माय, उलशीक हळू भेटत जाय न. तर म्हणते, 'हळू कसं भेटतात?'

पण हे सारं म्या हसण्यावारी नेलं. समीक्षाच्या टायमाले जे झालं न... समीक्षा म्हणजे माही पोरगी, एकुलती एक, बी.एड. झालेली, आन् सोयरीक काही जमता जमेना. एक म्हणे उंची कमी. एक म्हणे नोकरी कायम नाई. तिसऱ्याची आत्या म्हणे, पोरगी बोलते लय. बोलन नाई तं काय, कोणाची पोर हाय! शेवटी अमरावतीचं स्थळ आलं, कपिल. पोरगा एक नंबर. त्याले समीक्षा पसंत, समीक्षाले तो पसंत, फक्त त्याची माय, इंदूबाई... ते बोलतच नव्हती! रिटायर हेडमास्तरीण. चष्म्याच्या वरून पाहाचं, बस. साऱ्या घराचं हो का नाई तिच्याच जिभेवर, आन् ते जीभ हलवत नाई! त्या रविवारी ते घर पाहाले येणार होते, जमलं तं साक्षगंधाची तारीख काढूनच जाणार होते. मी दोन दिवस फरशी घासली. नयनताईचा नवा सोफा उचलून आमच्या घरी आणला. उचलता उचलता आमच्या यायची कंबर लचकली, सरळ होता येईना, तसेच वाकून वाकून पावण्यायले नमस्कार करून राह्यले, आन् पावण्यायले वाटलं, काय नम्र माणूस हाय!

मानीले म्या सांगतलं नाई. मुद्दाम नाई सांगतलं! म्हटलं, जमू दे आधी, मंग सांगतो, मंग रड म्हणा काय रडाचं ते. पण माही पोरगी! तिनं रात्रीच फोन करून सारं सांगतलं होतं. 'मम्मी, मावशीले कसं नाई सांगाचं?'

तं पावणे बसले. कपिल, त्याचे बाबा, एक काका, सगळ्या सोयरिकीत असतात तसे एक काका, आन् मधात इंदूबाई. गाडीचा ड्रायव्हर लखीराम, त्याले दारात खुर्ची टाकून पोह्याची प्लेट दिलती. आन् तुम्हाले सांगतो, इंदूबाई बोलल्या! पहिल्यांदा! म्हणे, 'पोहे छान झाले.' माह्या जिवात जीव आला. आता तारीख निघते, म्हटलं, आता निघते... आन् फाटक वाजलं. पाह्यते तं मानी, डोक्यावर तुरीच्या शेंगाची थैली. म्या डोळ्यानं सांगतलं, नको. हातानं सांगतलं, नको. इंदूबाईच्या मांगून दोन्ही हात जोडले. तिले वाटलं, मी ये ये करून राह्यली!

'येऽऽ मारी बाईऽऽऽ!'

इंदूबाईचा चमचा तोंडापाशी तसाच राह्यला. काका ताडकन उठले, 'कोण गेलं?' मी म्हणून राह्यली, कोणी नाई हो, कोणी नाई, पण मानी गळ्यात, तिचा पदर माह्या तोंडात, आवाज निघते कुठी? 'सुतक!' काका ओरडले, 'सुतक हाय घरात, आन् यायनं आपल्याले पोहे खाऊ घातले! आंघोळ करा लागते! पह्यले आंघोळ, मंग गाडीत बसा!' आता इतक्या माणसायले आंघोळ कुठी घालू मी? नळ आले नव्हते, टाकी तळाले लागलती! कपिलचे बाबा शर्टाच्या गुंड्या सोडाले लागले! कपिल बाथरूम शोधून राह्यला, समीक्षा स्वयंपाकघराच्या दारात डोक्याले हात लावून उभी, आन् आमचे हे वाकलेले ते वाकलेलेच, काका त्यायले म्हणतात, 'उठा, असं खचून जाऊ नका.' अरे, खचले नाई ते, सोफा उचलला त्यायनं!

मंग लखीराम आत आला, प्लेट हातात घेऊन. तो निघाला तांड्यातलाच, दिग्रसकडचा. 'थांबा जी,' म्हणते, 'कोणी मेलं नाई. भेटून राह्यल्या ह्या. आमची रीत हाय.' देव पावला, म्हटलं! गुंड्या पुन्हा लागल्या, काका बसले. अठी लखीरामनं थांबाचं का नाई? पण नाई! म्हणते, 'मी सांगतो न, काय म्हणून राह्यली ते,' आन् बसला खाली मांडी घालून. तिची एक ओळ, याचं एक सांगणं! 'म्हणते, बाई, तू लय वाळली. म्हणते, पोरीच्या काळजीनं तुह्या डोळ्याले डोळा नाई. म्हणते, तीन ठिकाणून नाई आलं तवा माही बाई मोरीत जाऊन रडली, बादलीत पाणी सोडून रडली, कोणाले ऐकू येऊ दिलं नाई...' हे म्याच तिले फोनवर सांगतलं होतं, आन् कोणालेच नाई! मी तिच्या पाठीवर गुद्दे घालून राह्यली, चूप, मानी, चूप! तिले वाटलं मीही भरून आली, तिनं आवाज आणखी चढवला. 'म्हणते,' लखीराम म्हणते, 'आता माही बाई मोठ्या लोकायच्या धाकात हाय. फरशी घासते. दुसऱ्याच्या घरचा सोफा...'

सगळ्यायनं सोफ्याकडं पाह्यलं. काका त्याच्यावरच बसले होते, ते हळूच काठावर सरकले.

इंदूबाईनं चमचा ठेवला, चष्मा पुसला, उठल्या. 'आम्ही फोनवर कळवतो,' म्हणे. फोनवर कळवतो! ज्यायच्या घरी पोरी हायत त्यायले माहीत हाय, याचा मतलब काय होते ते. गाडी वळली आन् मी भडकली. 'मानी, तुह्यापायी माह्या पोरीचं जमता जमता राह्यलं! तुले काही समजते का नाई? यापुढं माह्या दारात रडाचं नाई! भेटाचं तं चारचौघीसारखं भेटाचं, नमस्कार कराचा, खुर्चीवर बसाचं, चाय प्याचा, जाचं!' मानीनं डोळे पुसले. शेंगाची थैली ओट्यावर ठेवली. 'बरं,' म्हणे. आन् चाय न पेता गेली. आता बरं म्हणाले काय झालतं? भांडाचं न! पहिलीपासून भांडत आली, कोणत्याच गोष्टीत मांगं हटली नाई, आन् त्या दिवशी म्हणते, बरं!

आन् सोयरीक जमली. हाव, जमली! इंदूबाईचा फोन आला, 'साक्षगंधाची तारीख काढा,' आन् ठेवून दिला. पुढं मंग त्यायनं समीक्षाले सांगतलं म्हणे, पोरी पाहता पाहता लय घरं पाह्यले, सारे गोड बोलणारे, तुमच्या घरी एक बाई तरी खरं बोलत होती. म्हणजे पाहा! दोन दिवस फरशी घासली म्या, कंबर मोडली यायची, सोफा नयनताईचा, आन् सोयरीक जमवली कोणं, तं मानीनं!

लगेच फोन लावला तिले. 'मानी, जमलं वं!' 'बरं झालं.' 'लग्नाले ये.' 'येतो.' मले वाटलं, गेला राग.

लग्न यवतमाळले होतं, लॉनवर, दुपारचं. मानी आली, सोबत तिचा नवरा सेवादास, अंगावर नवी साडी. मी म्हटलं, आता येते गळ्यात. हातातलं ताट बाजूले ठेवलं. गुडघ्याचा भरोसा नाई म्हणून खांबाले टेकून उभी राह्यली. आन् मानीनं हात जोडले! 'नमस्कार, दीपाताई.' ताई! 'बरं हाय न तुमचं?' तुमचं!! चाळीस वर्षात त्या बाईनं मले ताई म्हटलं नाई, तुम्ही म्हटलं नाई, लाडात आली तरी दीपे, रागात आली तरी दीपे, आन् आता दीपाताई! गेली, खुर्चीवर बसली, हात मांडीवर. चाय पेली. मठ्ठा पेली. नयनताईसंग फोटो काढला! मी तिच्या समोरून तीनदा गेली, एकदा तं मुद्दाम खोकलली, तिनं आपलं हसून मान हलवली, पुढाऱ्यासारखी. माह्या पोरीचं लग्न हाय, मी तुह्यासमोर उभी हाय... आता याच्यात न रडण्यासारखं काय होतं, सांगा बरं?

लग्न लागलं. जेवणं झाले. लोक म्हणत वांग्याची भाजी मस्त झाली, मी हाव हाव करून राह्यली, ध्यान सारं त्या खुर्चीकडं. इंदूबाईही विचारतात, 'त्या तुमच्या मैत्रीण आल्या नाहीत का?' म्या म्हटलं, आल्या न. त्या बसल्या. इंदूबाईनं चष्म्याच्या वरून पाह्यलं. 'बऱ्या आहेत ना?' म्हणे.

मंग बिदाई. फोटोवाला म्हणते, 'मॅडम, उलशा इकडं सरका, उन्हाकडं तोंड करून रडा.' समीक्षा म्हणते, 'मम्मी, मले रडवू नको, मेकअप पसरते.' नयनताई कधीचीच सुरू झालती, तिचं काय, तिले विचाराचीही गरज नाई. आन् मले... मले रडूच येईना! खरं सांगतो. पोर चालली, उद्यापासून घरात दोन ताटं, हे टीव्ही पाहतीन आन् मी भिंत, आन् तरी डोळे कोरडे ठण्ण! तवा समजलं मले. मले मोकळं रडताच येत नाई वो! रडली तं मोरीत, बादलीत पाणी सोडून. शिकलीच नाई मी. चूप, चूप, शेजारी ऐकतीन... माही माय गेली तवा मी अशीच कोरडी बसून होती, सांजेले मानी आली, तिनं गळ्यात हात घातला तवा कुठं फुटली. माहं सारं रडणं चाळीस वर्षं तिनंच काढलं, आन् मी म्हणत आली, याच्यात रडण्यासारखं काय हाय!

गेली मी तरातरा तिच्या खुर्चीपाशी. 'मानी, रड.'

'तूनंच नाई म्हटलं.'

'आता हो म्हणतो!'

'लोक पाहून राह्यले, दीपाताई.'

'अजून एक बार ताई म्हटलं न मानी, तं मठ्ठ्याचा गंज डोक्यावर ओतीन तुह्या! पोर चालली माही. मले रडू येत नाई. रड!'

तवा तिनं मले नीट पाह्यलं. 'दीपे,' म्हणे, 'पण ते असं नाई होत वं. रडणं भेटीचं असते. आपण सकाळीच भेटलो, नमस्कारही झाला. आता पुन्हा भेटा लागते. तू जाय, मांगच्या फाटकाच्या बाहेर रोडपावतर जाय, आन् लय दिवसानं आल्यासारखी ये.'

आता घ्या! पोरीची बिदाई, मी नवरीची माय, अंगावर पैठणी, हातात ओटीचं ताट, आन् मले म्हणते रोडपावतर जाय! बरं, मीही काय कराचं, ऐकाचं का? ताट दिलं नयनताईच्या हातात, म्हटलं, आलीच मी. फोटोवाला 'मॅडम, मॅडम' करून राह्यला आन् मॅडम निघाली रोडवर! पानठेल्यापावतर गेली. ठेलेवाला म्हणते, 'काय देऊ काकू?' काही नको रे बाप्पा, मी भेटाले चालली! वळली. फाटकात मानी उभी होती. तिनं मले लांबून पाह्यलं, पर्स टाकली आन् धावली.

'येऽऽ मारी बाईऽऽऽ!'

मंग काय सांगू तुम्हाले. तिथीच, मांगच्या फाटकापाशी, जनरेटरच्या बाजूले. आन् तिनं सुरू कुठून करावं? पह्यल्यापासून! मधात अबोला झाला न, मोडलेलं पुन्हा पह्यल्यापासूनच सांगा लागते म्हणे. आमची पट्टी, गुरुजी, माह्या हातून तिची पाटी फुटली ते, माह्या मायनं तिच्या दप्तरात लपवून टाकलेल्या पोळ्या... आन् मी, मी कुणब्याची पोर, लागली तिच्या चालीत उत्तर द्याले! मोठ्यानं! गोरबोलीत! जनरेटरच्या वरताण! डोळ्यातून, नाकातून, सारं वाहून राह्यलं, पैठणी भिजली, आन् इतकं बरं वाटून राह्यलं, इतकं बरं वाटून राह्यलं! कुठी तरी फटाके वाजले. गाड्यायचे हॉर्न वाजले. कोणी तरी ओरडून राह्यलं, 'नवरीची माय कुठी हाय? अहो, नवरीची माय!' ऐकू आलं मले. पण मी म्हटलं, असन कोणाची तरी.

हे धावत आले. 'अवं, तू अठी? पोरगी गेली! सारे जण तुले शोधून शोधून थकले, मुहूर्त टळते म्हणून म्या एकट्यानं वाटे लावलं तिले!' माह्या पर्समधी फोन वाजून राह्यला, उचलला, समीक्षा. 'मम्मी, कुठी होती तू? आमच्या गाडीले नेर गाव आलं! सगळे रडले, तूच नव्हती!' म्या म्हटलं, बेटा, मी रडूनच राह्यली. मांगून इंदूबाईचा आवाज आला, 'सापडल्या का? त्या दुसऱ्या बाईंकडे असतील.'

मी म्हटलं, मानी, बस झालं आता, पोर गेली माही. हे म्हणतात, 'चला वो, हिशोब... मंडपवाला...' तर मानी यायलेच दटावते, 'थांबा भाऊजी, मधात बोलू नका, विसरते मी!' आन् पुन्हा घेतलं गळ्यात. आता काय करता? माणसायनं आमच्या चौफेर खुर्च्या उचलल्या, कनाती सोडल्या, जनरेटर नेलं. तिकडं पोरगी अमरावतीले पोहोचली, माप ओलांडून सासरच्या घरात गेली... आन् आम्ही दोघी अजून चौथीतच होतो.